कारण: लेक जेवली का बघायचंय

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. उलट दोन-तीन गोष्टी वगळल्यात, कारण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा आतेभाऊ अजून त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर बसतो.

आणि एक. अशा गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात.

ही नाही.

ही भर दुपारची आहे. डबे खाऊन झालेले, एसी चालू, डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट, आजूबाजूला पन्नासेक माणसं जांभया देतायत... अशा वेळची.

आतेभावाचं ऑफिस विम्याचं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कुणी काय उघडायचं आणि काय नाही, हे सांभाळणं त्याचं काम. कंपनीनं त्यासाठी एक फिल्टर विकत घेतला होता. त्यानं जगातल्या साइट्सचे वर्ग पाडलेले असायचे. बातम्या, खरेदी, जुगार, नोकरीच्या जाहिराती, थेट व्हिडिओ, असे. कुठला वर्ग बंद ठेवायचा ते मोठे साहेब ठरवायचे आणि शिव्या आतेभाऊ खायचा. ऑफिसात त्याचं नावच पडलं होतं. गाळणी.

"काय गाळणीशेठ, आज काय काय अडकलं?" रिसेप्शनवाली सकाळी आल्या आल्या विचारायची.

"तुझ्या चपलांच्या दोन साइट्स. आणि आणखी एक आहे, ती मोठ्यानं नाही सांगत."

मग ती गुमान फोन उचलायला लागायची.

त्याला सगळ्यांचं सगळं ठाऊक. कोण दुसरी नोकरी शोधतंय, कुणाचे केस गळतायत, कोण नवऱ्याच्या आजाराबद्दल चोरून वाचतंय. पण माणूस तोंडाचा पक्का. वहिनीलासुद्धा कधी सांगितलं नाही, आणि वहिनी काही कमी खोदून विचारणारी नव्हे.

आता फिल्टरला अक्कल किती असणार? हेडक्लार्क एकदा गुडघेदुखीचे व्यायाम बघायला गेले. समोर लाल पाटी आली. 'ही साइट बंद आहे. वर्ग: अंगप्रदर्शन.' निवृत्तीला आलेला माणूस, आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देईना.

असे घोटाळे व्हायचे म्हणून एक सोय ठेवलेली. लाल पाटीच्या खाली 'विनंती करा' असं बटण असायचं. ते दाबून कारण लिहायचं. इकडे आतेभावाच्या स्क्रीनवर टिंग वाजायचं. कोण, कुठल्या टेबलावरून, कुठली साइट, कशासाठी, सगळं दिसायचं. त्यानं 'हो' दाबलं की ती साइट त्या टेबलापुरती पाव तास उघडायची. पाव तास संपला की आपोआप बंद.

या बटणाचा सगळ्यात जास्त उपयोग केला असेल तो क्लेमवालीनं.

ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून लोकांचे दावे तपासायची. हसरी, तरतरीत बाई. तिची लेक पाळणाघरात असायची. तिला सगळे चिमी म्हणत. बोलायला नुकती लागलेली, जेवायच्या नावानं बोंब. पाळणाघराच्या मावशींनी भिंतीवर कॅमेरा लावला होता, आयांना ऑफिसातून बघता यावं म्हणून. पण फिल्टरच्या लेखी ते काय? थेट व्हिडिओ. बंद.

मग रोज दुपारी डबा झाला की टिंग...

कारण: लेक जेवली का बघायचंय.

आतेभाऊ हो म्हणायचा. पाव तास ती गालावर हात ठेवून बघत बसायची. बंद झालं की उठून त्याच्या टेबलापाशी यायची.

"जेवली का?" तो विचारायचा.

"दोन घास. तिसरा मावशींच्या अंगावर. दादा, अजून पाच मिनिटं नाही का देता येत?"

"मशीन आहे ते, ताई. त्याला तुझी लेक कळत नाही."

"तुम्हाला कळते ना? मग झालं."

अशी ती. आणि मग ती गेली. साधा ताप आला होता. सोमवारी रजा टाकली, शुक्रवारी ऑफिसातले सगळे तिच्या दारात उभे होते. चिमी बापाच्या कडेवरून माणसं बघत होती. तिला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे.

क्लेमवालीचं मशीन आतेभावानं स्वतः उचलून नेलं, पुसलं, आणि दुसऱ्या शाखेला पाठवून दिलं. तिचं खातं बंद केलं. टेबल रिकामं राहिलं. तिथं बसायला कुणी तयार होईना.

त्यानंतर काही दिवसांनी, डबा खाऊन तो हात पुसत जागेवर आला आणि...

टिंग.

नावाची जागा कोरी होती. टेबल: खिडकीजवळचं. साइट: पाळणाघर.

कारण: लेक जेवली का बघायचंय.

त्याला आधी रागच आला. तो उठला आणि तडक रिसेप्शनवर गेला.

"हे असले विनोद करू नकोस."

"कसले?"

"ती बिचारी मेलीय. निदान तिला तरी सोड."

रिसेप्शनवाली तोंडानं फटकळ, पण खोटं बोलताना लगेच पकडली जाते. ती नुसती बघत राहिली. मग डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "मी असं करेन वाटतं तुम्हाला?"

तो खिडकीजवळच्या टेबलाशी गेला.

टेबलावर काहीच नव्हतं.

भिंतीतून आलेली वायर लोंबकळत होती. दुसरं टोक मोकळं. कशालाच लावलेलं नाही...

त्यानं परत येऊन 'नाही' दाबलं. फिल्टरमध्ये काहीतरी जुनं अडकलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली. संगणकवाल्या माणसांची ही एक गंमत असते. ज्याचा उलगडा होत नाही त्याला ती 'काहीतरी अडकलंय' म्हणतात आणि चहा प्यायला जातात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंग. त्यानं पुन्हा 'नाही' म्हटलं. असे बरेच दिवस गेले. कारण तेच, वेळ तीच. पुढे पुढे त्याला टिंग वाजायच्या आधीच कळायला लागलं. त्या टेबलाकडून गार हवा यायची. तिथं एसीचं तोंड नव्हतं.

मग एके दुपारी वेगळंच झालं.

टिंग.

टिंग. टिंग. टिंग...

कारण: दार उघडं आहे.

तेवढंच. पुन्हा पुन्हा. दार उघडं आहे. दार उघडं आहे.

त्याच्या स्वतःच्या मशीनवर काही बंद नसायचं. पाळणाघराची साइट त्यानं पहिल्यांदाच उघडली. मावशींनी पासवर्ड वगैरे भानगड ठेवलीच नव्हती. चित्र आलं. मुलं ओळीनं सतरंजीवर झोपलेली. पंखा फिरतोय.

ओळीत एक जागा रिकामी होती.

आणि कोपऱ्यात... मागचं दार. उघडं.

त्यानं साइटवरच्या नंबरला फोन लावला. "मावशी, मागचं दार बघा. आधी बघा, मग बोला."

फोन तसाच राहिला. चपला फरफटल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मग मावशींचं रडणं.

चिमी सापडली. मागच्या रस्त्याच्या कडेला उभी होती. त्या रस्त्यावरून दिवसभर मालाचे ट्रक जातात.

त्या दुपारी आतेभाऊ जागेवर बसून रडला. भीतीनं नव्हे. त्याला वाटलं, आई आहे ती. मेली तरी डोळा लेकीवर. आणि आपण मात्र दिवसचे दिवस 'नाही' दाबत बसलो.

मग त्यानं ते केलं, जे असल्या कामातला कुठलाही दयाळू आणि आळशी माणूस करतो. कुणी रोज एकच गोष्ट मागत असेल तर रोज हो-नाही कोण करणार? त्यानं त्या टेबलासाठी ती साइट कायमची मोकळी करून टाकली. पाव तासाची अट काढली.

"बघ, किती बघायचं ते," तो हळूच म्हणाला.

टिंग वाजणं थांबलं. त्याला बरं वाटलं. वहिनी म्हणाली, बऱ्याच दिवसांनी नीट झोपलात.

अशी दोन-तीन महिने शांतता गेली. मग मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. साहेबांच्या हातात कसलासा अहवाल. साहेब अहवाल वाचत नाहीत, पण त्यातला लाल रंग त्यांना बरोबर दिसतो.

"खिडकीजवळच्या टेबलावर कोण बसतं?"

"कुणी नाही, सर."

"मग तिथं सकाळी ऑफिस उघडल्यापासून बंद होईपर्यंत व्हिडिओ कोण बघतंय?"

त्यानं वाकून अहवालातली ती ओळ पुन्हा वाचली.

"रविवारीसुद्धा," साहेब म्हणाले. "रविवारी तर ऑफिसला कुलूप असतं ना?"

"बघतो, सर. काहीतरी अडकलं असेल."

तो बाहेर आला तर चिमीचे वडील रिसेप्शनपाशी उभे. बायकोच्या राहिलेल्या कागदांवर सह्या करायला आले होते. माणूस अर्धा झाला होता. आतेभावानं त्यांना चहाला खाली नेलं.

"चिमी कशी आहे?"

ते कप फिरवत बसले. "काय सांगू. घरी यायलाच मागत नाही. संध्याकाळी न्यायला गेलो की पाळणाघराच्या दाराला धरून बसते. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून 'मावशीकडे चल' म्हणून जीव खाते. मावशींचं घर तिथंच, मग नेऊन बसवतो. काय करणार?"

"रमली असेल. इतर मुलं असतात."

"मुलांशी खेळत नाही हो. मावशी म्हणतात, दिवसभर एका जागी बसते. वर बघत. त्या कॅमेऱ्याकडे."

आतेभावानं कप खाली ठेवला.

"आणि खात नाही. आधी दोन घास तरी खायची. आता विचारलं की म्हणते, जेवले. कुणी भरवलं? तर म्हणते, आईनं." ते हसल्यासारखे झाले. "डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय, निघेल हळूहळू. पण वजन बघा ना तिचं. उचलली की हातात नुसते कपडे आल्यासारखे वाटतात."

ते गेल्यावर आतेभावानं मावशींना फोन केला. त्या दिवशीचं नीट विचारलं. आधी कधी विचारलंच नव्हतं.

"ती दाराबाहेर गेली कशी, मावशी?"

"खरं सांगू? मलाही कळलं नाही. त्या दाराची कडी माझ्या डोक्याच्या वर आहे. मला टाचा उंचवाव्या लागतात. ती मी स्वतः लावली होती, बाळा."

"आणि रस्त्यावर काय करत होती?"

"काही नाही. नुसती उभी. आणि तिचा हात..."

"हात काय?"

"असा वर होता. मूठ मिटलेली. लहान मूल कुणाचं बोट धरून उभं असतं ना... तशी."

त्यानं फोन ठेवला.

तो हिशेबी माणूस. त्यानं मनात दोन्ही बाजू मांडून बघितल्या. दार उघडं आहे, असं तिनं कळवलं, हे खरं. पण दार उघडलं कुणी? तिनं लेकीला रस्त्यावरून परत आणवलं... की आधी तिनंच नेलं होतं, आणि रस्त्याच्या कडेला गेल्यावर तिचं मन फिरलं? आणि त्या दिवशी फिरलं, म्हणून पुन्हाही फिरेल कशावरून?

त्याचं त्याला एक कळलं. जिवंतपणी पाव तास झाला की ती स्क्रीनवरून उठायची. तिला उठावं लागायचं. मेल्यावर तेवढं एकच बंधन तिच्यावर उरलं असतं, आणि ते आपण आपल्या हातानं काढून टाकलं.

त्यानं कॅमेरा उघडला.

दुपारची वेळ. बाकीची मुलं झोपलेली. चिमी एकटी बसलेली, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, मान वर करून. तोंड उघडत होती, मिटत होती. घास घेतल्यासारखी. चावत होती. गिळत होती.

समोर ताट नव्हतं.

मग ती चावायची थांबली. तिनं मान किंचित बाजूला केली. कुणाच्या तरी खांद्यावरून पलीकडे बघावं, तशी...

आणि सरळ आतेभावाकडे बघितलं.

त्यानं सवलत काढली. फक्त त्या टेबलाची नाही. पाळणाघराची साइटच त्यानं अख्ख्या ऑफिससाठी बंद यादीत टाकली. फिल्टरनं वर्ग विचारला, तेव्हा त्याला काही सुचेना. त्यानं 'धोकादायक' निवडलं.

टिंग.

कारण: दादा, काय झालं?

त्यानं 'नाही' दाबलं.

टिंग. या वेळी टेबल दुसरंच होतं. हेडक्लार्क रजेवर होते, त्यांचं. कारण: पाच मिनिटं द्या.

टिंग. मीटिंगच्या खोलीतून. खोलीला बाहेरून कडी होती. कारण: ती उपाशी आहे.

टिंग. रिसेप्शनवरून.

त्यानं मान वर केली. रिसेप्शनवाली दोन्ही हात मांडीवर घेऊन खुर्ची मागे ढकलून बसली होती. तिच्यासमोरच्या कीबोर्डवर कुणाचाच हात नव्हता.

कारण: मी काय वाईट केलं?

"काय चाललंय हे?" ती अगदी हळू म्हणाली.

"मशीन बंद कर," तो म्हणाला. "वायर ओढ."

संध्याकाळपर्यंत तो 'नाही' दाबत राहिला. त्याचं बोट सुजलं. तो आजही म्हणतो, भीती कमी वाटली, वाईट जास्त वाटलं. ती शिव्या देत नव्हती. शाप देत नव्हती. फक्त मागत होती.

ऑफिस सुटायच्या सुमाराला टिंग थांबलं.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. चिमी दिवसभर रडली. खूप रडली. आणि मग तिनं वाटीभर भात मागून खाल्ला.

महिन्याभरात पोरीच्या गालावर रंग आला. पुढे तिचे वडील बदली घेऊन दुसऱ्या गावी गेले, चिमीच्या आत्याच्या शेजारी घर घेतलं. जाताना येऊन भेटले. आतेभावानं त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार?

इथं हे संपायला हवं होतं.

गेल्या वर्षी एका दुपारी त्याच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. पलीकडे एक तरुण, जरा संकोचून बोलणारा.

"सर, तुमचा नंबर तुमच्या ऑफिसातून घेतला. मी पण फिल्टरचंच काम करतो." त्यानं कंपनीचं आणि गावाचं नाव सांगितलं.

चिमीचे वडील तिथंच कामाला होते.

"आमच्याकडे एक विनंती येते रोज. पाळणाघराच्या कॅमेऱ्याची. म्हणजे तसं एका पालकांना आम्ही ते उघडून दिलंय, त्यांची मुलगी असते तिथं. पण ही विनंती त्यांची नाही. नाव येत नाही, टेबल येत नाही. मला वाटलं काहीतरी अडकलंय."

"कारण काय लिहिलंय?" आतेभावानं विचारलं.

"तेच तर. आज लिहिलंय, 'आधीच्या ऑफिसातले दादा द्यायचे.' आणि खाली तुमच्या ऑफिसचं नाव. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. लिहिण्यावरून तरी चांगल्या वाटतात बाई. तर देऊ का? पाव तासच तर असतो."

आतेभाऊ जागेवरून उठून जिन्यात आला. जिन्यात कुणी नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "देऊ नका. कधीच देऊ नका. ती काहीही म्हणाली तरी."



मग फोनमधून, लांबून... टिंग.

"एक मिनिट, सर. पुन्हा आली." तो तरुण वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. "सर... तुम्ही स्पीकरवर नव्हता ना? मी पण नव्हतो."

"काय लिहिलंय?"

"'दादा, असं नका ना सांगू त्यांना. ती आता मला विसरायला लागलीय.'"

आतेभावानं मला हे सांगितलं तेव्हा तो भर उन्हात गच्चीवर उभा होता, आणि तरी हाताच्या घड्या घालून अंग चोरत होता. मी विचारलं, मग? तर म्हणाला, मग काही नाही. मी पुन्हा 'नको' म्हटलं. त्या पोरानं ऐकलं. अजून ऐकतोय. मधूनमधून फोन करून फक्त एवढंच विचारतो, "आजही नाहीच ना, सर?"

चिमी आता पहिलीत आहे, शाळा सुटली की पाळणाघरात. चांगली खाते. तिच्या वडिलांचा परवा फोन आला होता. म्हणाले, हल्ली आईचा विषयच काढत नाही. फोटो दाखवला तर 'या कोण?' असं विचारलं.



वडील पुढे बोलत राहिले. शाळा छान आहे म्हणाले, बाई प्रेमळ आहेत. आणि येत्या महिन्यात प्रत्येक वर्गात कॅमेरा बसवणार आहेत. पालकांना मोबाइलवरच दिसेल. कुणाची परवानगी घ्यायला नको.